देर अल-मदिनाच्या कारागिरांचे घर हे विश्रांतीचे ठिकाण होते काय?

प्राचीन इजिप्तचा राजा रामसेस दुसरा याच्या कारकिर्दीच्या ४०व्या वर्षी चुनखडीच्या एका मोठ्या कपचीवर लिहिलेला हजेरीपट आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. राजांची थडगी खोदणाऱ्या आणि रंगवणाऱ्या, देर अल-मदिना या वस्तीत राहणाऱ्या कारागिरांपैकी कोण, कधी आणि का गैरहजर होता, हे त्यात नोंदले आहे. कुणाला विंचू चावला, कुणाचे डोळे दुखत होते, कुणी आईचे शव गुंडाळण्यात गुंतला होता, तर कुणी चक्क बिअर गाळत होता! दहा दिवसांच्या आठवड्यातील ठरलेली सुट्टी आणि सणवार ते वेगळेच. चाबकाखाली राबणारा मजूर हे चित्र निदान या वस्तीपुरते खोटे असून येथील घर हे विश्रांतीचेच ठिकाण होते, असे माझे मत आहे.

प्रतिसाद १
हजेरीपट मान्य, निष्कर्ष अमान्य. कामाच्या दिवसांत हे कारागीर डोंगरावरच्या झोपड्यांत मुक्काम करीत आणि सुट्टीला घरी उतरत. म्हणजे घर विश्रांतीचे होते ते त्यांच्यापुरते. त्याच घराच्या मागच्या स्वयंपाकघरात जमिनीत पुरलेले उखळ आणि शेजारी दळणाचा दगड असे. तेथे जाते डोळ्यांसमोर आणू नये. तो दगड आपल्या पाट्यासारखा होता आणि त्यावर वाकून, सगळा भार हातांवर देत, दाणा पुढे-मागे रगडावा लागे. शिधा मिळे तो मुख्यतः खपली गव्हाचा, ज्याचे टरफल मळणीने सुटत नाही, म्हणून आधी कांडण आणि मग दळण. बिअरही चैनीची वस्तू नव्हती, भाकरीइतकीच रोजची होती; ती गाळणे हे कामच झाले.

धागाकर्ता
आपण एक बाब वगळली आहे. दळणासाठी सरकार या वस्तीला दासी पुरवीत असे, वस्तीत विहीर नसल्याने पाणी गाढवांवरून येई आणि कपडे धुण्यासाठीही परीट नेमलेले होते. इतक्या सोयी असलेल्या घरातील स्त्रीला उसंत नव्हती, हे पटत नाही.

प्रतिसाद २
दासी होत्या, परंतु घरोघर वाटून दिलेल्या. प्रत्येक कुटुंबाच्या वाट्याला महिन्यातील मोजके दिवस येत आणि ते दिवस विकताही येत. उरलेल्या दिवसांचे दळण घरच्याच बाईने केले असणार. आणि वाट्याचा दिवस आला, तरी दगडावरचे श्रम कमी झाले नाहीत, वाकणारी पाठ तेवढी बदलली. कारागिराच्या बिअरची नोंद आपण सुट्टीत धरता, तर या दासीचे दिवस कशात धरणार?