डस्टर डिझेलचा टायमिंग बेल्ट: किलोमीटर बघायचे की वर्षं?

मदत हवी आहे. गाडी २०१५ ची रेनो डस्टर, १.५ डिझेल, ८५ पीएस. सेकंड हँड घेतली आहे. मीटरवर ६२ हजार किमी, पण सर्व्हिस रेकॉर्ड अर्धवट. टायमिंग बेल्ट (इंजिनातले व्हॉल्व्ह आणि पिस्टन एका तालात ठेवणारा रबरी पट्टा) बदलल्याची नोंद कुठेच नाही. आधीच्या मालकांनाही आठवत नाही.

गाडी सुरळीत चालते, आवाज नाही. वरचं कव्हर काढून पाहिलं तर बेल्टला भेगा दिसत नाहीत, तेलही लागलेलं नाही. पण नुसतं बघून बेल्टचं खरं वय कळत नाही, असं वाचलंय. शिवाय या इंजिनात बेल्ट तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात, म्हणजे खर्चाचा आकडा न विचारलेलाच बरा! एक मेकॅनिक म्हणतो, "अजून वीस हजार किमी बिनधास्त चालवा." दुसरा म्हणतो, "रबर आहे साहेब, वर्षं मोजा." मला दुसऱ्याचंच पटतंय.

पुढच्या महिन्यात नाशिकहून कोकणात जायचंय, घाट आहेतच. बजेट बेताचं, पण सुटे भाग अस्सलच घेणार.

ज्यांनी याच इंजिनाचं हे काम केलंय त्यांनी सांगा: तुम्ही किती वर्षांनी किंवा किलोमीटरला बदललात? आणि टेन्शनरबरोबर (बेल्ट ताणून धरणारा भाग) त्याच बेल्टवर फिरणारा वॉटर पंपही त्याच वेळी बदलायचा, की गळती नसेल तर जुनाच ठेवायचा?