मदत हवी आहे: गुरूच्या ध्रुवांवरची वादळं एकमेकांत मिसळत का नाहीत?

नमस्कार मंडळी,

नववीच्या मुलांसाठी गुरूच्या वातावरणावर तास घ्यायचाय. तांबड्या डागाचं ठीक आहे, त्यावर भरपूर वाचून झालंय. अडलंय ते ध्रुवांपाशी.

जुलै २०१६ मध्ये 'जुनो' यान गुरूभोवती फिरू लागलं, आणि ध्रुव नीट दिसले. उत्तर ध्रुवावर मधोमध एक चक्रीवादळ, भोवती आठ. दक्षिणेला मध्ये एक, भोवती पाच. एकेकाचा व्यास हजारो किलोमीटर! अवरक्त किरणांत घेतलेलं दक्षिणेचं चित्र पाहा. पाचही वादळं एकमेकांना खेटून उभी, ढगांचे फाटे शेजारच्याला टेकलेले, तरी वर्षानुवर्षं कुणी जागा सोडत नाही.

पृथ्वीवर दोन चक्रीवादळं जवळ आली की एकमेकांभोवती फिरू लागतात, कधी मोठं लहानाला गिळतं. खुद्द गुरूवर १९९८ ते २००० दरम्यान तीन पांढऱ्या अंडाकृती डागांचा मिळून एकच डाग झाला. मग ध्रुवांवर हे का होत नाही? 'समतोल असतो' एवढं मोघम उत्तर मुलांना द्यायचं नाहीये. गणित नको, पण कारण खरं हवं. जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद १:
पांढऱ्या डागांची तुलना इथे लावू नका. ते प्रत्यावर्त, म्हणजे ग्रहाच्या फिरकीच्या उलट फिरणारी वादळं होती आणि एकाच पट्ट्यात अडकलेली. ध्रुवांवर आहेत ती आवर्तं, म्हणजे ग्रहाच्या फिरकीच्याच दिशेने फिरणारी चक्रीवादळं. ग्रहाच्या फिरण्याचा वाऱ्यांवरचा परिणाम ध्रुवाकडे वाढत जातो, त्यामुळे आवर्त ध्रुवाकडे सरकू पाहतं. पण ती जागा मधल्या वादळाने आधीच अडवलेली. शिवाय प्रत्येकाभोवती विरुद्ध फिरकीचं कडं असतं, असं अभ्यासक मानतात. ते शेजाऱ्याला लांब ढकलतं. ओढ आणि ढकल जिथे बरोबरीत येतात तिथे ही वादळं थांबतात, साधारण ८४ अंश अक्षांशावर. संगणकावरच्या प्रारूपात कडं काढून टाकलं तर वादळं खरंच एकमेकांत मिसळतात.

नोव्हेंबर २०१९ ची गोष्ट मुलांना जरूर सांगा. दक्षिणेत एक छोटं सहावं वादळ घुसलं आणि पंचकोनाचा षट्कोन झाला. पुढे ते नवं वादळच विरून गेलं, जुनी जागच्या जागी!

धागाकर्ता:
मनापासून आभार, हेच हवं होतं. आता आणखी एक: विरुद्ध फिरकीचं कडं वर्गात दाखवता येईल का? फिरत्या पाटावर पाण्याची परात ठेवून कुणी काही करून पाहिलं असेल तर रंग कोणता, पाणी किती, सगळं लिहा.