मदत हवी आहे : बाळंतपण व नवजात बाळाच्या काळजीसाठी महिला गटाच्या बैठका

सर्वांना सस्नेह नमस्कार.

मेळघाटातील धारणी तालुक्यात आमच्या बचत गटाने दरमहा एक बैठक केवळ गरोदरपण, बाळंतपण आणि नवजात बाळाची काळजी यांसाठी राखून ठेवली आहे. झारखंड व ओडिशात ‘एकजुट’ संस्थेने 2005 ते 2008 या काळात अशाच बैठका घेतल्या होत्या. चित्रे, गोष्टी व खेळ यांच्या आधारे बायकांनी स्वतःच अडचणी निवडून उपाय ठरवले, आणि दुसऱ्या व तिसऱ्या वर्षांत तेथील नवजात मृत्युदर सुमारे 45 टक्क्यांनी कमी आढळला. आशाताईंच्या गृहभेटी आमच्याकडेही होतात, परंतु घरातील निर्णय सहसा सासूबाईंच्या हाती असतो.

नेमके तिथेच घोडे अडले आहे. बाळाला जन्मल्याबरोबर आंघोळ घालू नये, कोरडे पुसून आईच्या छातीशी उबेत ठेवावे, असे सांगताच एक आजीबाई म्हणाल्या, “आमची पोरं काय वाचली नाहीत?” त्यानंतर एकाही सुनेने तोंड उघडले नाही. (आजीबाईंचा राग मला समजतो; इतकी वर्षे गावाची बाळंतपणे त्यांनीच निभावली आहेत.)

सासवा-सुनांची बैठक एकत्र घ्यावी की आरंभी वेगवेगळी? कोरकू भाषेत वापरता येतील अशी चित्रकार्डे कोणाकडे आहेत का? शिवाय कामासाठी स्थलांतर केलेली कुटुंबे होळीलाच परततात, तेव्हा मधल्या काळात गट कसा टिकवावा, हे अनुभवी मंडळींनी कृपया सविस्तर कळवावे.