हरिकेन आलं तर घर सोडायचं की थांबायचं? (सेंट पीटर्सबर्ग, झोन बी)

नवा_पिनेलासकर
फ्लोरिडात सेंट पीटर्सबर्गला (पिनेलास काउंटी) इव्हॅक्युएशन झोन बीमध्ये, म्हणजे वादळात आदेश आला की रिकाम्या करायच्या भागात, भाड्याचं एकमजली घर आहे, १९७०च्या दशकातलं. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये आईबाबा इथे असतील, बाबांना इन्सुलिन चालू आहे. शेजारचे सांगतात, कॅटेगरी ३च्या खालचं वादळ असेल तर हलायची गरज नाही. हे धरून चालावं का? निर्णय कशावरून घ्यायचा आणि किती आधी? गाडी एकच, इलेक्ट्रिक.

उधाण_भरती
नाही, कॅटेगरी धरून अजिबात चालू नका. ती फक्त वाऱ्याचा वेग सांगते. ३ म्हणजे ताशी १११ मैलांच्या पुढे. माणसं मरतात ती जास्त करून पाण्याने, आणि पाणी किती चढेल हे वादळाचा आकार, त्याची वाट आणि किनाऱ्याजवळचा समुद्र किती उथळ आहे यावर ठरतं. तुमच्याकडचा समुद्र फार उथळ आहे.

२०२४चीच दोन वादळं बघा. हेलीन सुमारे शंभर मैल लांबून उत्तरेला गेलं आणि फ्लोरिडाच्या उत्तरेकडच्या बिग बेंड किनाऱ्याला धडकलं, तरी टँपा बेमध्ये, म्हणजे तुमच्या गावालगतच्या खाडीत, सहा फुटांहून जास्त पाणी चढलं. दोन आठवड्यांच्या आत मिल्टन अगदी जवळ, तुमच्या दक्षिणेच्या सिएस्टा की बेटाला आलं, तर टँपा बेचं पाणी उलट बाहेर ओढलं गेलं. आपल्या गोलार्धात ही वादळं घड्याळाच्या उलट फिरतात. वादळाचा डोळा, म्हणजे केंद्र, तुमच्या दक्षिणेकडून आत शिरला तर वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहतो. उत्तरेकडून शिरला तर समुद्र तुमच्या दारात ढकलतो. मिल्टनची वाट चाळीस मैल उत्तरेला सरकली असती तरी चित्र पालटलं असतं, आणि एवढा फरक आदल्या दिवशी कोणी खात्रीने सांगू शकत नाही. त्यामुळे मिल्टनच्या वेळी जे निघाले त्यांचा निर्णय बरोबरच होता. (पाऊस मात्र तुमच्या गावात १८ इंचांवर पडला.)

आणखी एक घोळ नेहमी होतो. विम्याचा फ्लड झोन वेगळा आणि इव्हॅक्युएशन झोन वेगळा. ‘आमचं घर फ्लड झोन एक्समध्ये (विम्याच्या नकाशावर कमी धोक्याच्या भागात) आहे’ म्हणून लोक निर्धास्त बसतात. तुम्हाला बघायचाय तो इव्हॅक्युएशन झोन, ए ते ई यांपैकी. बी रिकामा करायचा आदेश आला की वाद नाही, निघायचं.

आय७५_उत्तरेकडे
वेळेबद्दल. नॅशनल हरिकेन सेंटरची पत्रकं पहाटे ५, सकाळी ११, संध्याकाळी ५ आणि रात्री ११ला येतात. नकाशावरचा तो शंकू फक्त वादळाच्या केंद्राची संभाव्य वाट दाखवतो, आणि तीनातल्या एका वेळी केंद्र त्याच्याही बाहेर जातं. २०२२मध्ये सगळ्यांचं लक्ष टँपाकडे असताना इयन वादळ त्याच्या बरंच दक्षिणेला कायो कोस्टा बेटाला धडकलं आणि फोर्ट मायर्स बीच वाहून गेला. तिथल्या ली काउंटीचा घरं सोडायचा आदेश निघाला तो आदल्या दिवशी सकाळी. घरात वयस्कर माणसं असतील तर आदेशाची वाट पाहू नका.

स्टॉर्म सर्ज (वादळाने किनाऱ्यावर चढणारं समुद्राचं पाणी) वॉच, म्हणजे शक्यतेची सूचना, साधारण ४८ तास आधी येतो, वॉर्निंग ३६ तास आधी. वॉच लागला की सामान गाडीत आणि जायची जागा पक्की. वॉर्निंग लागली की त्याच दिवशी उजेडात बाहेर. पत्रकासोबत ‘वारा लवकरात लवकर कधी पोहोचेल’ असा एक नकाशा असतो, तो बघा. सलग ४० मैलांच्या आसपास वारा झाला की हॉवर्ड फ्रँकलंड, गँडी, कोर्टनी कँपबेल आणि स्कायवे हे खाडीवरचे पूल बंद होतात. मग पिनेलासमधून फक्त उत्तरेकडचे रस्ते उरतात आणि सगळे तिथेच येतात. तुमची खरी अंतिम मुदत पूल बंद होण्याची, वादळ धडकण्याची नव्हे.

नवा_पिनेलासकर
खाडीपलीकडे, टँपाच्या पूर्वेला ब्रँडनला मित्राचं २००६चं घर आहे. पत्ता टाकून पाहिला, कुठलाच झोन येत नाही. ते चालेल, की सरळ जॉर्जिया गाठायचं?

आय७५_उत्तरेकडे
मित्राकडेच जा. पाण्यापासून पळायचं असतं, वाऱ्यापासून आडोसा घ्यायचा असतो. त्याला वीस-तीस मैल पुरतात. २००५ला रीटा वादळाच्या वेळी टेक्ससमधल्या ह्यूस्टनमधून लाखो लोक एकदम निघाले, तासन्‌तास उन्हात अडकले, आणि वादळापेक्षा त्या प्रवासातच जास्त माणसं दगावली. २००२नंतरचं घर राज्याच्या नव्या बांधकाम नियमांतलं, ते चांगलंच. फक्त गॅरेजचं दार वाऱ्यासाठी मजबूत केलेलं आहे का ते विचारा. ते आत कोसळलं की वारा घरात शिरून छप्पर खालून उचलतो. घरामागे तळं असेल तर मुसळधार पावसात ते किती चढतं तेही विचारा.

उधाण_भरती
गाडी वॉच लागताच पूर्ण चार्ज करा आणि बरोबर न्या. खाऱ्या पाण्यात बुडालेल्या बॅटरीला नंतर आग लागू शकते, त्यामुळे पूर येणाऱ्या गॅरेजमध्ये ती कधीच ठेवू नये.

बाबांचं चालू पेन बहुतेक ब्रँडमध्ये २८ दिवस फ्रिजबाहेर टिकतं, पण ३० अंश सेल्सिअसच्या आतच. बंद गाडीत ठेवू नका. न उघडलेली पेनं थंड पिशवीत, बर्फाला थेट न टेकवता. गोठलेलं इन्सुलिन निकामी होतं. दोन आठवड्यांची औषधं, माणशी रोज एक गॅलन पाणी.

भाडेकरूंनाही सामानासाठी पुराचा विमा मिळतो. सरकारी योजनेत तो ३० दिवसांनी लागू होतो, म्हणून जूनआधी घ्या. पासपोर्ट, आय-७९७ आणि आय-९४ (इमिग्रेशनची कागदपत्रं) आणि आईबाबांच्या प्रवासी विम्याचे कागद झिपच्या पिशवीत, फोटो फोनमध्येच साठवलेले. टॉवर बंद पडले की क्लाउड उघडत नाही.