मदत हवी आहे: इंदूरमध्ये अख्खा जिताडा कुठे मिळेल?

नमस्कार मंडळी, आम्ही इंदूरला राहतो, माझं माहेर अलिबागजवळ खारेपाटात. आई गेल्यापासून बाबांना इकडेच आणलंय. इथलं सगळं त्यांना आवडतं, सकाळचे पोहे-जिलबी, संध्याकाळी राजवाड्याकडे चक्कर, पण मासे म्हटलं की दोन घास खातात आणि उठतात. बाजारात रोहू, कतला, पंगास. रोहूला मी नावं ठेवणार नाही, ताजा असला तर छानच लागतो, पण ज्या माणसाने घरामागच्या तळ्यात जिताडे वाढवले त्याचं कतल्यावर कसं भागणार?

जुलैत त्यांची पंचाहत्तरी आहे आणि मला त्या दिवशी अख्खा जिताडा करायचाय, डोक्यासकट, कारण डोक्याचं कालवण हाच त्यांचा जीव की प्राण. नाव कुठलंही चालेल हो, गोव्याचा चोणक, बंगाल्यांची भेटकी, केरळातला काळांजी, पाकिटावरचा सीबास नाहीतर बारामुंडी, मासा एकच.

अडचण अशी की इथे भेटकी म्हणून जे फिले, म्हणजे बिनकाट्याचे काप, मिळतं त्यावर माझा विश्वास नाही. एका हॉटेलात मागवलं तर तुकडा पातळ, मऊ, पाणी सुटलेला, मला तर तो सरळ बासा, म्हणजे पंगासच, वाटला. जिताड्याचं मांस शिजल्यावर जाड पाकळ्या सुटतात, आणि त्याला स्वतःची गोडी असते. त्यात १ जून ते ३१ जुलै आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक बोटींची मासेमारी बंद, म्हणजे ऐन वाढदिवसाला समुद्राचा मासा मिळणं कठीणच. तर इंदूरमध्ये कोणी ऑर्डरवर आणून देतं का, नाहीतर भावाला मुंबईहून रात्रीच्या अवंतिका एक्स्प्रेसने घेऊन यायला सांगू का, आणि गाभोळीवाला, म्हणजे पोटात अंडी असलेला, मिळेल का? बाबांना गाभोळी फार आवडते. प्लीज जरा लवकर सांगा.

प्रतिसाद:
ताई, आधी तुमच्याकडच्या बंगाली कुटुंबांना विचारा. घरात लग्नकार्य असलं की भेटकी लागतेच, त्यामुळे कोणाकडे सांगून ठेवायचं ते त्यांना पक्कं माहीत असतं. फिले घेऊच नका. अख्खा मासा समोर असला की फसवणूक होत नाही. डोळ्यावरून तोंडाकडे कपाळ खोलगट उतरतं, तोंड मोठं, वरचा जबडा पार डोळ्याच्या मागपर्यंत जातो, शेपूट गोल पंख्यासारखी, आणि डोळा उजेडात सोनेरी-गुलाबी चमकतो. बासाला खवलेच नसतात, आणि याचे चांगले मोठे असतात, म्हणून दुकानदाराला खवले काढू नको म्हणून सांगा.

प्रतिसाद:
बंदीची काळजी करू नका, तळ्यातला घ्या. हा मासा खाडीच्या तोंडाशी अंडी घालतो आणि पिल्लं वर गोड्या पाण्यापर्यंत चढतात, त्यामुळे तळ्यात मजेत वाढतो. चेन्नईच्या सीबा या निमखाऱ्या पाण्यातल्या मत्स्यशेतीच्या संस्थेने १९९७ मध्ये त्याचं बीज तयार करून दाखवलं, आता बरेच जण व्यवस्थित शेती करतात. फक्त ताई, गाभोळीचा हट्ट सोडा. जिताडा आधी नर असतो आणि मोठा झाल्यावर मादी होतो, साधारण तीन-चार किलोच्या पुढे, आणि शेतीवाले तर किलो-दीड किलोलाच विकून टाकतात. मोठ्या माशासाठी थांबण्यापेक्षा दीड किलोचे दोन आणा, डोकीही दोन मिळतील. भावाला सांगा, आतडी आणि कल्ले काढून टाकायचे, धुवून पोटात बर्फाची पिशवी भरायची, मग जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळून थर्माकोलच्या डब्यात वरखाली बर्फ घालून झाकण चिकटपट्टीने बंद. बर्फाचं पाणी माशाला लागता कामा नये, चव त्यानेच जाते. डबा नीट बंद असला तर गाडीत वासही येत नाही.

माझं उत्तर:
दोघांचेही खूप आभार! कल्ले काढायचे हे कोणीच सांगितलं नव्हतं. भावाशी बोलले, आमच्या गावातच एकाच्या तळ्यात आहेत, दीड-दीड किलोचे दोन आणतो म्हणाला. इथल्या एका बंगाली काकूंनाही विचारून ठेवलंय, गाडी चुकली तर. पाठीच्या तुकड्या रव्यात तळणार, डोकी कालवणाला. आता एवढंच सांगा, बर्फातून आलेल्या डोक्याचं कालवण करायचं तर आंबटाला कैरी घालू की चिंच? आई कैरीच घालायची, पण जुलैत इंदूरला आंबट कैरी मिळेल याची खात्री नाही, आणि कोकमाने रस्सा काळपट होतो म्हणून बाबा नको म्हणतात.