गायनाच्या बॅनरला कोणता फाँट?

प्रश्न: इंदूरला राजवाड्याजवळ १० बाय ४ फुटांचा फ्लेक्स लावायचाय. मजकूर: 'शास्त्रीय गायन, प्रवेश विनामूल्य'. 'बालू' फाँटमध्ये केला, तर मंडळी म्हणतात बालशिबिराचा वाटतो. ट्रॅकिंग (अक्षरांमधलं अंतर) वाढवलं की शिरोरेखा तुटते.

बोरूवाला: मंडळी बरोबर बोलताहेत. बालूची जाड, गोलसर अक्षरं खेळकरच दिसतात. गाण्याला बोरूच्या वळणाचं, जाड-बारीक रेषांचं अक्षर शोभतं. 'तिरो देवनागरी मराठी' घ्या, ल आणि श आपल्या वळणाचे मिळतील. (इथल्या पाट्यांवर हिंदी वळणाचेच दिसतात, डोळ्यांना सवय झालीय.) मात्र त्यात बोल्ड नाही. सॉफ्टवेअरचा खोटा बोल्ड मारलात तर आतल्या पोकळ्या बुजतात. म्हणून तिरो फक्त शीर्षकाला, मोठ्या आकारात. तारीख-स्थळ 'मुक्ता' सेमीबोल्डमध्ये.

शिरोरेखा: ट्रॅकिंग शून्यच ठेवा. मोकळेपणा हवा असेल तर अक्षर थोडं लहान करून कडेची जागा वाढवा. ढोबळ हिशेब: १० फुटांना १ इंच, म्हणजे ५० फुटांवरून वाचायचं तर शिरोरेखेपासून खाली ५ इंच. वेलांटी-उकार त्याबाहेर, म्हणून दोन ओळींत लीडिंग (ओळींमधलं अंतर) १४० टक्के. अक्षरांना बॉर्डर देणार असाल तर आधी आउटलाइन करून (मजकुराचे आकार बनवून) इलस्ट्रेटरच्या पाथफाइंडरमध्ये युनाइट करा, म्हणजे आकार एकमेकांत जोडा, नाहीतर जोडाजोडाला रेघ उमटते.

प्रश्नकर्ता: काळ्यावर लाल चालेल?

बोरूवाला: नको, संध्याकाळी अक्षरं गडप होतात. कुंकवाच्या रंगावर साईच्या रंगाची अक्षरं ठेवा.