शब्दचर्चा : विथ म्हणजे 'सोबत', मग विथड्रॉ म्हणजे काय?

परवा बँकेत पैसे काढायची स्लिप भरत होतो. आठवीतली लेक शेजारी उभी होती. तिनं विचारलं, "बाबा, विथ म्हणजे सोबत, ड्रॉ म्हणजे ओढणं. मग विथड्रॉ म्हणजे सोबत ओढायचं का?" मी "भरू दे मला" म्हणून वेळ मारून नेली. पण घरी येईपर्यंत तो 'विथ' डोक्यातून जाईना. विथहोल्ड म्हणजे रोखून धरणं, विथस्टँड म्हणजे समोर पाय रोवून टिकून राहणं. यात सोबत कुठे आहे? जाणकारांनी उलगडा करावा.

*

लेकीची शंका रास्त आहे. 'विथ'चा मूळ अर्थ सोबत नाहीच, 'विरुद्ध' असा आहे. जुन्या इंग्रजीत सोबत म्हणायला 'मिड' हा वेगळा शब्द होता. जर्मनमधला 'मिट' हा त्याचा सख्खा भाऊ. 'विथ' वापरायचे ते विरुद्ध, समोर, लगत अशा अर्थांनी. पुढे मध्ययुगात 'विथ'नं 'मिड'ची जागा बळकावली आणि चौदाव्या शतकाच्या सुमारास 'मिड' बोलण्यातून गेला. जाताना एका शब्दात तेवढा अडकून राहिला, तो म्हणजे मिडवाइफ. अनेकांना ती 'मधली बाई' वाटते. खरा अर्थ 'सोबतची बाई', म्हणजे बाळंतिणीजवळ थांबणारी. वाइफचा जुना अर्थ बायको नव्हे, नुसती बाई.

विथड्रॉ, विथहोल्ड, विथस्टँड हे जोडशब्द जुन्या 'विथ'चे. त्यामुळे त्यांत 'मागे, दूर, विरुद्ध' असा भाव आहे. लेकीला सांगा, विथड्रॉ म्हणजे मागे ओढून घेणं. विदाउटचंही तसंच, आधी अर्थ होता 'बाहेरच्या अंगाला', 'वाचून' हा अर्थ मागून आला. आपण तर 'तो विदाउट आला' एवढ्यावरच भागवतो, तिकिटाचं नावही घेत नाही.

खरी गंमत पुढे आहे. 'विथ'च्या मुळाशी जो 'वि' आहे, तोच आपल्या वियोग, विभाग, विलग यांतला वि! त्याला 'उच्चतर'मधला तर लागला की 'अधिक दूर'. संस्कृतात हा शब्द जसाच्या तसा आहे, वितरम्. ऋग्वेदात चौथ्या मंडलातल्या १८व्या सूक्तात वृत्राला मारायला निघालेला इंद्र म्हणतो, 'सखे विष्णो वितरं वि क्रमस्व', मित्रा विष्णू, आणखी लांब पावलं टाक. म्हणजे ज्या शब्दाचा अर्थ आपण सोबत असा घोकला, तो मुळात ताटातुटीचा.

*

जर्मन शिकतोय म्हणून भर घालतो. तिकडे 'वीडर' म्हणजे विरुद्ध आणि उच्चार तोच असलेला 'वीडर' म्हणजे पुन्हा. मूळ एकच, फरक फक्त स्पेलिंगात. निरोप घेताना म्हणतात त्या 'आउफ वीडरझेएन'मधला हा दुसरा. विथस्टँडचा जुळा भाऊही तिथे आहे, 'वीडरश्टांट', म्हणजे प्रतिकार.

*

सगळं पटलं, पण 'विरुद्ध'चं 'सोबत' झालं कसं? ही तर कोलांटीच झाली.

*

कोलांटी वाटते खरी, पण आखाडा डोळ्यांसमोर आणा. कुस्तीत समोरच्या मल्लाला आपण काय म्हणतो? जोड! "याला तोडीस तोड जोड मिळाली नाही." विरोधक असला तरी तो जोडीचाच. भांडायलाही समोर कुणीतरी लागतं, जवळ यावं लागतं. जुन्या इंग्रजीत 'विथ' लढण्याच्या क्रियापदाबरोबर सर्रास यायचा, तिथून सरकत सरकत तो सोबतीकडे आला असं मानतात. इंग्लंडात वस्ती केलेल्या डेन लोकांच्या भाषेतल्या तशाच शब्दाचाही त्याला हातभार लागला असावा.

या सरकण्याचा घोळ इंग्रजीत अजून आहे. १८१५ साली वॉटर्लूला इंग्रज 'विथ द फ्रेंच' लढले आणि १९१४च्या महायुद्धातही 'विथ द फ्रेंच'च लढले. पहिल्यात फ्रेंच समोर, दुसऱ्यात शेजारी. मराठीत 'फ्रेंचांशी' म्हटलं की समोर, 'फ्रेंचांच्या बाजूनं' म्हटलं की शेजारी. 'फ्रेंचांबरोबर' म्हणाल तर मात्र आपलीही पंचाईत.

*

तो 'बरोबर'ही कमी नाही! फारसीत 'बर' म्हणजे छाती. बराबर म्हणजे छातीला छाती भिडलेली, म्हणून तुल्य. मराठीत तो समान, अचूक आणि सोबत अशी तिन्ही कामं करतो. छातीला छाती मित्रही भिडवतात आणि मल्लही.

मला खरी अडचण येते ती भाषांतरात. एका 'विथ'ला आपल्याकडे चाकूनं, मित्रासोबत, दुधाबरोबर, शेजाऱ्याशी, सालासकट, पूर्ण तयारीनिशी असे कितीतरी पर्याय. आणि हल्ली सगळीकडे 'सह' ठोकून देतात. 'चमच्यासह खा' असं एका पाकिटावर वाचलं. चमचा पण खायचा का?

*

मूळ प्रश्नकर्ता : लेकीला वाचून दाखवलं. वृत्र वगैरे तिनं कानाआड केलं. तिचा पुढचा प्रश्न असा : "मग विथआउटमध्ये आउट आहे, तर विथइनचा अर्थ विथआउटच्या उलटा का नाही?" मी उद्या ऑफिसला लवकर निघणार आहे.